मूकतेचे व्याकरण : ‘सुभा’ आणि कर्णबधिर बालकाची भाषा

भारतीय साहित्यविचारात मौनाला मोठी प्रतिष्ठा आहे. ‘मुक्याचा गूळ’ ही संतपरंपरेतील प्रतिमा अनिर्वचनीय अनुभवासाठी योजली गेली. त्या मुक्याला स्वतःला काय सांगायचे होते, हा प्रश्न मात्र समीक्षेने क्वचितच विचारला. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘सुभा’ (१८९३) या कथेचे पुनर्वाचन या प्रश्नाच्या अनुषंगाने करणे उद्बोधक ठरते.

सुभाषिणी असे नाव लाभलेली ही मुलगी बोलू शकत नाही. तिचे डोळे, नदीकाठ, गोठ्यातील दोन गायी यांच्या आधारे कथाकार तिची ‘भाषा’ उभी करतो. ही भाषा निसर्गाशी एकरूप आहे. म्हणूनच ती व्याकरणाच्या अलीकडची भासते. सुभा मूक आहे. ती बधिर असल्याचे कथा सांगत नाही. लोक तिच्यादेखत तिच्या भवितव्याची चिंता बोलून दाखवतात आणि ती तिला उमगते. तरीही न बोलणारे मूल म्हणजे भाषेवाचूनचे मूल, ही धारणा कर्णबधिर बालकांनाही सरसकट लावली जाते.

या धारणेला सुझन गोल्डिन-मेडो आणि हायडी फेल्डमन यांच्या १९७७ च्या संशोधनाने छेद दिला. ऐकू येणाऱ्या आईवडिलांची, कोणतीही खूणभाषा न पाहिलेली कर्णबधिर मुले स्वतःच खुणा घडवतात. वस्तूकडे बोट दाखवून तिला क्रियेची खूण जोडतात. या जुळणीत क्रमही असतो : खाण्याचा पदार्थ आधी, खाण्याची क्रिया नंतर. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अमेरिकन आणि चिनी कर्णबधिर मुलांच्या खुणांची रचना आपापल्या आयांच्या हावभावांपेक्षा परस्परांशी अधिक जुळणारी आढळली. म्हणजे ही रचना अनुकरणातून आलेली नव्हती.

परंतु एकट्या मुलाची रचनाशक्ती पुरेशी नसते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस निकाराग्वातील मानाग्वा येथे कर्णबधिर मुले शाळेत एकत्र आली. वर्गात भर ओष्ठवाचनावर आणि उच्चारांवर होता. खुणा मात्र मुलांच्या आपसातील व्यवहारात वाढल्या आणि नंतर आलेल्या लहान मुलांनी त्यांना अधिक नियमबद्ध रूप दिले. भाषेला समुदाय मिळाला, तेव्हाच ती पूर्णत्वास गेली.

या प्रकाशात ‘सुभा’चा शेवट वेगळा अर्थ धारण करतो. विवाहानंतर तिच्याभोवती तिची भाषा जाणणारे कोणीही उरत नाही आणि पती बोलणारी दुसरी वधू आणतो. कथेचा पूर्वार्ध मूकतेला निसर्गाच्या स्वाधीन करतो. उत्तरार्ध तिला समाजाच्या दारात उभी करतो. सुभाची शोकांतिका भाषा नसण्याची नाही, संवादक हिरावले जाण्याची आहे. कथाकाराची दृष्टी येथे त्याच्या स्वच्छंदतावादी प्रतिमांच्या पुढे गेली आहे.

‘मौनाची भाषा’ ही संज्ञा म्हणूनच समीक्षेने जपून वापरावयास हवी. जेथे खुणा, क्रम आणि आशय आहेत, तेथे मौन नाही. तेथे आपल्याला न वाचता येणारी संहिता आहे. तिला गूढ ठरवून गौरवणे हाही तिला न ऐकण्याचाच एक प्रकार होय.