तमिळ क्रमशः कादंबऱ्यांचे बांधीव खंड : मोहिनी आणि प्रमाण

जुन्या ग्रंथसंग्रहांची पाहणी करणारास तमिळ प्रांतीं एका विशिष्ट जातीचें पुस्तक वारंवार आढळतें. तें कोणा प्रकाशकानें काढलेलें नसतें. त्यास मुखपृष्ठ नसतें, पुष्कळदां ग्रंथनामही नसतें. साप्ताहिकांतून प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीचीं पानें दर आठवड्यास कापून ठेवावयाचीं, कथा समाप्त झाली म्हणजे तीं क्रमानें लावावयाचीं, आणि पुस्तकबांधणी करणाराकडून पुठ्ठ्यांत बांधून घ्यावयाचीं, अशा रीतीनें सिद्ध झालेला हा घरगुती खंड होय. क्रमशः येणाऱ्या कथेस तमिळ भाषेंत ‘तोडर्कदै’ म्हणतात. ह्या तोडर्कदैंच्या खंडांविषयीं तमिळ वाचकांच्या मनांत जें ममत्व आहे, तें त्याच कादंबऱ्यांच्या छापील आवृत्तींविषयीं नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हें ममत्व केवळ गतकाळाच्या गोडीचें आहे, कीं त्याच्या मुळाशीं वाङ्मयाच्या व इतिहासाच्या अभ्यासकानें दखल घ्यावी असें कांहीं आहे, ह्याचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम ह्या प्रकाराची उत्पत्ति पाहूं. तमिळ भाषेंतील पहिली कादंबरी म्हणून मायूरम् वेदनायकम् पिळ्ळै ह्यांच्या ‘प्रताप मुदलियार चरित्रम्’ (१८७९) हिचा निर्देश होतो. ती ग्रंथरूपानेंच निघाली. परंतु पुढील दीड दशकांतच कादंबरीनें मासिकाचा आश्रय घेतला. १८९२ त निघालेल्या ‘विवेकचिंतामणि’ मासिकांत राजम् अय्यर ह्यांची ‘कमलांबाळ् चरित्रम्’ ही १८९३ पासून १८९५ पर्यंत क्रमशः आली आणि १८९६ त तिचा ग्रंथ झाला. मराठी वाचकास येथें ‘करमणूक’ पत्राचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. हरि नारायण आपटे ह्यांनीं तें पत्र १८९० त सुरू केलें व ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही त्यांतूनच वाचकांपुढें मांडिली. दोन्ही भाषांत कादंबरीची वाढ नियतकालिकाच्या आधारानें झाली, हा निव्वळ योगायोग नव्हे. एकदम मोठा ग्रंथ विकत घेणारा वाचक थोडा. वर्गणी भरून थोडें थोडें वाचणारा अधिक. ज्या समाजांत ग्रंथविक्रीची घडी बसली नव्हती, तेथें कथेनें हप्त्याहप्त्यानें यावें हेंच स्वाभाविक होतें.

तथापि बांधीव खंडांचा खरा काळ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादानंतरचा. १९२८ त एस्. एस्. वासन ह्यांनीं ‘आनंद विकटन’ आपल्या हातीं घेतलें, आणि रा. कृष्णमूर्ति ऊर्फ ‘कल्कि’ (१८९९-१९५४) ह्यांची लेखणी त्यास लाभली. ‘कळ्वनिन् कादलि’ (१९३७) ह्या कादंबरीपासून त्यांच्या तोडर्कदैंचा बोलबाला झाला. १९३९ त त्यांची ‘त्यागभूमि’ त्याच पत्रांत आली, ती त्याच कथेवरील चित्रपटांतील छायाचित्रांसह. पुढील वर्षीं सरकारनें तो चित्रपट बंद केला. १९४१ त कृष्णमूर्ति व टी. सदाशिवम् ह्यांनीं ‘कल्कि’ हें स्वतंत्र पत्र काढिलें, आणि त्यांत ‘पार्तिबन् कनवु’, ‘शिवकामियिन् शपदम्’ (१९४४-४६), ‘अलै ओसै’ (१९४८-४९) व शेवटीं ‘पोन्नियिन् सेल्वन्’ (१९५०-५४) ह्या कादंबऱ्या एकामागून एक आल्या. घराघरांतून जे खंड बांधले गेले त्यांत ह्यांचा वांटा फार मोठा आहे. कोत्तमंगलम् सुब्बु ह्यांची ‘तिल्लाना मोहनाम्बाळ्’ ही ‘आनंद विकटन’मध्यें गोपुलु ह्यांच्या चित्रांसह आली, तिचेही खंड असेच जपले गेले.

आतां ह्या खंडांतून काय कळतें तें पाहूं. पहिली गोष्ट रचनेची. ‘पोन्नियिन् सेल्वन्’ पांच भागांच्या ग्रंथरूपांत सलग वाचणारास तींत पाल्हाळ भासतो. मागील प्रसंगांची पुनःपुन्हां आठवण दिली जाते. प्रकरण बहुधा अशा जागीं तुटतें कीं पात्र संकटाच्या तोंडाशीं उभें असावें. गौण पात्रांचीं संभाषणें लांबतात. हे दोष ग्रंथाच्या मापानें दोषच आहेत. परंतु बांधीव खंड हातीं घेतला म्हणजे कृतीचें मूळ माप ग्रंथ नसून हप्ता होतें, हें डोळ्यांपुढें येतें. सात दिवसांच्या अंतरानें वाचणारास पुनरुक्ति ही पुनरुक्ति नसून सूत्र जोडणारा दुवा होती. साडेतीन वर्षें चाललेल्या कथेंत वाचकाची स्मृति सांभाळणें हें लेखकाचें कर्तव्यच होय. ह्या कादंबरीच्या शेवटीं लेखकानें जें समाप्तिवचन जोडिलें आहे, त्यांत पात्रांचें पुढें काय झालें असें विचारणाऱ्या वाचकांस उत्तर दिलें आहे. ग्रंथांत तें प्रकरण उपरें वाटतें. हप्त्यांच्या क्रमांत तें संवादाचा शेवटचा भाग ठरतें.

दुसरी गोष्ट चित्रांची. ‘पोन्नियिन् सेल्वन्’करितां मणियम् ह्यांनीं जीं चित्रें काढिलीं त्यांनीं वंदियदेवन्, कुंदवै व नंदिनी ह्यांचीं रूपें तमिळ मनांत कायम केलीं. पुढें त्याच पत्रानें ही कादंबरी पुनःपुन्हां छापिली तेव्हां अन्य चित्रकारांचीं चित्रें आलीं, आणि कित्येक स्वस्त आवृत्त्यांत तर चित्रें मुळींच नाहींत. म्हणजे ज्या कृतीस मूळ वाचकानें शब्द आणि चित्र मिळून एक असें ओळखिलें, तिचा अर्धा भाग ग्रंथांतून गळाला. तो भाग जपण्याचें काम घरगुती खंडानें केलें. ह्या दृष्टीनें पाहतां खंडांविषयींचें ममत्व निराधार नाहीं. वाचकास जें हरवल्यासारखें वाटतें तें खरोखरच हरवलेलें आहे.

तिसरी गोष्ट इतिहाससंशोधनाशीं अधिक निगडित आहे. ‘पोन्नियिन् सेल्वन्’ म्हणजे पुढें पहिला राजराज म्हणून गादीवर आलेला अरुळ्मोळिवर्मन्. त्याचा वडील भाऊ आदित्य करिकाल ह्याचा घात झाला, व त्या घातांत रविदासन्, सोमन् व परमेश्वरन् ह्यांचा हात होता, हें उडैयारगुडि येथील राजराजाच्या आरंभींच्या काळांतील शिलालेखावरून कळतें. त्या लेखांत द्रोह्यांच्या नातलगांच्या जमिनी जप्त केल्याची हकीकत आहे. वंदियदेवन् हा कुंदवैचा पति होता, हें तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या लेखांत येतें. अनिरुद्ध ब्रह्माधिराज हा मंत्री अन्बिल येथील ताम्रपटांत भेटतो. उलटपक्षीं नंदिनी ही कल्पनेची सृष्टि होय. लेखकानें नीलकंठशास्त्री प्रभृतींच्या ग्रंथांचा आधार घेऊन सत्य आणि कल्पित ह्यांची वीण इतकी घट्ट केली, कीं अनेक वाचकांस नंदिनीही राजराजाइतकीच ऐतिहासिक वाटते.

‘शिवकामियिन् शपदम्’चें उदाहरण आम्हांस अधिक जवळचें आहे. तींतील प्रतिनायक दुसरा पुलकेशी, ज्याच्या ऐहोळे येथील प्रशस्तींत (शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४) तीन महाराष्ट्रकांतील नव्याण्णव हजार गांवांच्या आधिपत्याचा उल्लेख आहे. पल्लव नरसिंहवर्म्यानें इ. स. ६४२ च्या सुमारास वातापि जिंकिली, हें ऐतिहासिक सत्य. पण कांचीची नर्तकी शिवकामी आणि पुलकेशीशीं रूपसादृश्य असलेला भिक्षु नागनंदी हीं दोन्ही पात्रें कल्पित. ज्या राजास आमच्या इतिहासग्रंथांतून हर्षाचा प्रतिकार करणारा दक्षिणेचा स्वामी म्हणून गौरविलें जातें, तोच तमिळ घरांतून दोन वर्षें आठवड्याआठवड्यानें आक्रमक म्हणून वाचला गेला. एकाच राजाच्या ह्या दोन स्मृति कशा घडल्या ह्याचा शोध घेणारास ताम्रपट व शिलालेख पुरणार नाहींत. त्यास हे खंडही चाळावे लागतील.

येथवर खंडांचे गुण सांगितले. आतां दुसरी बाजू. कातरीनें जें राखिलें त्याहून अधिक टाकून दिलें, हें विसरतां येत नाहीं. अंकांतील संपादकीय, अन्य कथा, वाचकांचीं पत्रें, जाहिराती, किंमत आणि पुष्कळदां तारीखसुद्धां पानाच्या कडेबरोबर कापली गेली. कथेच्या पानामागें चुकून राहिलेली औषधाची किंवा साबणाची अर्धी जाहिरात, एवढाच त्या अंकाचा अवशेष उरतो. आणि आज त्याच तुकड्याची आम्हांस मौज वाटते. ज्या प्रेमानें खंड सिद्ध झाला त्याच प्रेमानें अंक नष्ट केला. शिवाय हा साक्षीदार निःपक्षपाती नव्हे. जी कथा आवडली तीच बांधली गेली. जी आवडली नाहीं, अर्ध्यावर राहिली, किंवा ज्या घरास वर्गणी परवडली नाहीं, त्यांचा पुरावा ह्या कपाटांत सांपडावयाचा नाहीं. केवळ बांधीव खंडांवरून त्या काळचें तमिळ कथावाङ्मय सगळें ऐतिहासिक, सुखान्त आणि सोज्ज्वळ होतें असा समज कोणी करून घेईल तर तो एका वर्गाच्या आवडीस संबंध समाजाची आवड समजण्यासारखें होईल. गतकाळाच्या मोहिनीचा खरा धोका हाच. ती खोटें सांगत नाहीं; निवडून सांगते.

म्हणून उपाय एकच, तो असा कीं खंड आणि अंक ह्यांस परस्परांच्या शेजारीं ठेवावें. चेन्नई येथील रोजा मुत्तय्या संशोधन ग्रंथालय (स्थापना १९९४) ह्या कामीं मार्गदर्शक आहे. कोट्टैयूरच्या रोजा मुत्तय्या चेट्टियार ह्यांनीं खाजगी हौसेनें जमविलेला संग्रह त्यांच्या निधनानंतर शिकागो विद्यापीठाच्या साह्यानें तमिळ प्रांतींच राहिला. त्यांत ग्रंथांबरोबर नियतकालिकें व फुटकळ छापील कागदही आहेत. खाजगी हौस संस्थेच्या हातीं वेळेवर गेली तर काय साधतें ह्याचें हें उत्तम निदर्शन होय. ज्या संस्थांकडे घरगुती खंड येतात त्यांनीं ते ‘कादंबरी’ ह्या एका शब्दाखालीं नोंदूं नयेत. हप्त्यांची संख्या, गहाळ पानें, चित्रकाराचें नांव, बांधणीचा प्रकार, मालकाची सही व समासांतील टिपणें ह्यांची नोंद व्हावी. आणि मूळ अंकांशीं ताडून प्रत्येक हप्त्याची तारीख लावावी. आमच्याकडील ‘करमणूक’ व ‘मनोरंजन’ ह्यांच्या फायलींसही हाच न्याय लागू आहे.

हें काम निकडीचें झालें आहे. कल्किंचें लेखन तमिळनाडु सरकारनें १९९९ त राष्ट्रीयीकृत केल्यापासून त्यांच्या कादंबऱ्यांच्या मजकुराची चिंता उरली नाहीं. कोणासही त्या छापतां येतात, आणि २०२२ व २०२३ मधील चित्रपटांनीं तर नवा वाचकवर्ग मिळवून दिला. परंतु मजकूर जितका सुलभ झाला तितकें मूळ खंडाचें प्रयोजन लोकांस कमी वाटूं लागलें. ‘कल्कि’ पत्राचा छापील अंकही २०२० त थांबला. जी कथा दहा प्रकारें मिळते तिचा जीर्ण खंड रद्दींत जाण्यास वेळ लागत नाहीं.

सारांश, बांधीव खंडाची मोहिनी टाकाऊ नाहीं, पण ती पुरेशीही नाहीं. ग्रंथ आम्हांस लेखकानें काय लिहिलें तें सांगतो. खंड आम्हांस वाचकानें काय जपिलें तें सांगतो. वाङ्मयाच्या इतिहासास दोहोंची आवश्यकता आहे, आणि त्यांपैकीं दुसऱ्याची एकच प्रत असते.