टिटवीला शून्य गुण

‘तापमानाशी जुळवून घेणाऱ्या प्राण्याचे उदाहरण द्या.’ आंबेगाव तालुक्यातील एका मुलीने उत्तर लिहिले : टिटवी पोट भिजवून अंड्यांवर बसते. उत्तरावर लाल फुली होती. अपेक्षित उत्तर होते उंट किंवा ध्रुवीय अस्वल.

मुलीचे उत्तर बरोबर होते. जुन्नरच्या पूर्वेकडील आणे पठारासारख्या उघड्या माळावर टिटवी जमिनीवरच खड्यांमध्ये अंडी घालते. मे महिन्याच्या दुपारी ती उघडी राहिली तर आतील जीव दगावतो. म्हणून नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात आणि पाणवठ्यावर पोटाची पिसे भिजवून परततात. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. वर्गातला माठही याच तत्त्वावर पाणी गार करतो. अंडी ‘उबवणारा’ पक्षी इथे ती थंड राखत असतो!

अनुकूलनाचा आपला धडा चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्यात तापमान येते ते नकाशावरून : वाळवंट आणि ध्रुव. जीवाला मात्र तो असतो त्या जागेचे तापमान सोसावे लागते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून मीटरभराहून उंच, सावलीच्या पेटीत असतो. तापलेल्या मातीवरची अंडी, दगडाखालचा विंचू, ओल्या बिळातला खेकडा यांचे जग त्या आकड्यात मावत नाही. भीमाशंकरच्या दाट रानातला शेकरू आणि पूर्वेच्या माळावरचा सरडा एकाच जिल्ह्यात राहतात, पण त्यांची दुपार एक नसते.

दुसरा दोष असा, की धडा अवयवांची यादी देतो आणि वर्तन गाळतो. उंटाची मदार सर्वांना पाठ असते. पण पाणी मिळेनासे झाले की उंटाच्या शरीराचे तापमान दिवसभरात सुमारे ३४ ते ४० अंशांपर्यंत चढू दिले जाते आणि घामावाटे जाणारे पाणी वाचते, हे किती जणांना माहीत असते? तसेच ‘थंड रक्ताचा’ हा शब्द. सकाळी कुंपणावर ऊन खात बसलेल्या सरड्याचे रक्त थोड्या वेळाने आपल्याइतके गरम असू शकते. फरक एवढाच, की ही उष्णता तो मुख्यतः बाहेरून घेतो. म्हणूनच ऊन-सावलीत त्याची सतत ये-जा चालते.

उपाय सोपा आहे. प्रयोगशाळेतील तापमापक घेऊन भर दुपारी उघडी माती, झाडाची सावली आणि दगडाखालची जागा येथील तापमान मोजू द्या. तापाचा थर्मामीटर मात्र नको. त्याची पट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते. टिटवीचे घरटे दुरूनच पाहावे, कारण पक्षी उठला की अंडी उन्हात पडतात.

आणि पुढच्या वेळी उत्तरपत्रिकेत टिटवी दिसली, तर फुली मारण्यापूर्वी त्या मुलीसोबत एकदा माळावर जाऊन यावे.