‘वेलकम टू रेक्सहॅम’ : पुनरुज्जीवनाची कथा आणि तिचे मालक

एप्रिल 2025 मध्ये वेल्समधील रेक्सहॅम या फुटबॉल क्लबने सलग तिसऱ्या हंगामात वरच्या श्रेणीत प्रवेश मिळविला. इंग्लिश फुटबॉलच्या पहिल्या पाच श्रेणींत असे यापूर्वी कोणत्याही क्लबला साधले नव्हते. 1864 मध्ये स्थापन झालेला हा क्लब 2008 पासून पंधरा वर्षे पाचव्या श्रेणीत अडकून पडला होता. फेब्रुवारी 2021 मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या अभिनेत्यांनी तो ताब्यात घेतला. ऑगस्ट 2022 पासून प्रदर्शित होत आलेली ‘वेलकम टू रेक्सहॅम’ ही माहितीपट-मालिका या पुनरुज्जीवनाची कथा सांगते. मालिकेचे कार्यकारी निर्माते आणि क्लबचे मालक एकच आहेत. म्हणूनच तिची चिकित्सा करताना ती काय दाखविते याबरोबरच ती कशाला किती जागा देते, हेही तपासणे क्रमप्राप्त ठरते.

मालिकेची मांडणी साधारणतः अशी आहे : खाणी बंद पडलेले एक गाव, हताश समर्थक आणि समुद्रापलीकडून आलेले दोन उदार पुरुष. ही मांडणी असत्य नाही; मात्र ती उशिरा सुरू होते. 2004 च्या अखेरीस हा क्लब दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या हाती गेला होता आणि तत्कालीन मालकाचा डोळा रेसकोर्स मैदानाच्या जमिनीवर होता. 2011 मध्ये स्पर्धेत टिकण्यासाठी अनामत रक्कम भरण्याची वेळ आली, तेव्हा समर्थकांनी एका दिवसात एक लाख पौंडांहून अधिक रक्कम गोळा केली. त्याच वर्षी समर्थकांच्या न्यासाने क्लब चालविण्यास घेतला. पुढील दशकात न्यासाने जुनी देणी निकालात काढली, 2013 मध्ये वेम्ब्लीवर एफए ट्रॉफी जिंकली आणि 2016 मध्ये मैदानाचा 99 वर्षांचा भाडेपट्टा मिळविला. नव्या मालकांना जे मिळाले ते कोसळलेले घर नव्हते. डागडुजी झालेले, परंतु मजला चढविण्याची ऐपत नसलेले घर होते. मालिका न्यासाचा आदराने उल्लेख करते, पण त्याचे कार्य प्रस्तावनेपुरतेच येते.

तथापि न्यासाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत. 2011-12 च्या हंगामात रेक्सहॅमने 98 गुण मिळविले, तरी 103 गुणांच्या फ्लीटवूडमागे ते दुसरे राहिले. पाचव्या श्रेणीतून दरवर्षी केवळ दोन संघ वर जात. पैकी एकच थेट. एवढ्या अरुंद दारातून जाण्यासाठी निष्ठेखेरीज भांडवल लागते. नव्या मालकांनी क्लबमध्ये आरंभी वीस लाख पौंड घातले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खेळाचे अज्ञान मोकळेपणी मान्य करून त्यांनी मैदानावरील निर्णय जाणकारांवर सोपविले. जुलै 2021 मध्ये नेमलेले फिल पार्किन्सन हे याचे ठळक उदाहरण. कोल्चेस्टर, ब्रॅडफर्ड आणि बोल्टन या तिन्ही क्लबना वर नेणारे हे प्रशिक्षक बोल्टनच्या दिवाळखोरीच्या काळातही तेथे होते. मालक ढासळला की संघाचे काय होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. केंब्रिजसाठी एका हंगामात 32 साखळी गोल करणारा पॉल मुलिन दोन श्रेणी खाली यायला तयार झाला, तोही या नव्या भांडवलाच्या बळावर.

पहिला हंगाम मात्र अपयशाचा ठरला. मे 2022 मध्ये ग्रिम्सबीविरुद्ध उपांत्य लढत 4-5 अशी गमावली गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते मालिकेचे पहिले पर्व म्हणूनच सर्वांत सकस आहे. तेथे पैसा आहे, प्रसिद्धी आहे आणि तरीही यश नाही. पुढील पर्वांत विजयाच्या आनंदात हा ताण विरळ होत जातो.

मालिका जे जवळजवळ सांगतच नाही ते म्हणजे ती स्वतःच व्यवस्थापनाचे प्रमुख साधन आहे. गणवेशावर प्रादेशिक ट्रेलर-उत्पादक कंपनी होती. 2021 मध्ये टिकटॉक आणि 2023 मध्ये युनायटेड एअरलाइन्स आली. हे बदल गोलांपेक्षा कॅमेऱ्याने घडविले. त्यामुळे हे प्रारूप इतरत्र कितपत उपयोगी पडेल, ही शंका रास्त आहे. बरी या क्लबलाही डिसेंबर 2018 मध्ये नवा मालक लाभला होता. व्यवहार एका पौंडाचा होता. ऑगस्ट 2019 मध्ये बरीला साखळीतून काढून टाकण्यात आले. केवळ मालक बदलणे हा उपाय नसून नव्या मालकाकडे काय आहे आणि त्याला कोण जाब विचारू शकतो, हा खरा प्रश्न आहे.

येथे नोव्हेंबर 2020 चे मतदान पुन्हा पाहावे लागते. न्यासाच्या 1,809 सदस्यांनी हस्तांतराच्या बाजूने मत दिले. विरोधात अवघे 26. मालिकेत हा क्षण स्वागताचा म्हणून येतो. तो त्याचबरोबर मालक म्हणून समर्थकांचा अखेरचा निर्णयही होता, याकडे पटकथा वळत नाही. त्या 26 जणांची बाजू काय होती, हे प्रेक्षकाला मालिकेतून फारसे उमजत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅलिन कुटुंबाने क्लबमध्ये अल्पांश भागीदारी घेतली, तेव्हा समर्थकांचे मत घेण्याचे कोणतेही कायदेशीर कारण उरलेले नव्हते.