'अतोनात खर्च' : एका वाक्याचे वाचन

दयामरणाविषयीचे निवेदन व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने ५ मे १९८० रोजी काढले. लहानसाच मजकूर, पण संयमाने लिहिलेला. फळाच्या मानाने अवजड ठरणारा उपचार नाकारणे ही आत्महत्या नव्हे, असे ते सांगते. आणि नकाराच्या रास्त कारणांत कुटुंबावर अतोनात खर्च लादू नये ही इच्छाही धरते. हे वाक्य आम्हांला उदार वाटत आले आहे. पण सव्वीस आठवड्यांत जन्मलेल्या, आठशे ग्रॅम वजनाच्या बाळाच्या काचपेटीशी उभे राहून ते वाचले, म्हणजे प्रश्न पडतो : ही इच्छा कोणाची?

रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्यांचा उल्लेख निवेदनात आहे. ते बोलतात तेव्हा त्यांच्या गाठीला काय आहे, हे मात्र ते विचारत नाही. शिरपूर, चोपडा, यावलकडील सातपुड्याच्या पायथ्याच्या मजुराला हाच प्रश्न पहिला असतो. २०११ पासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचा उपचार मोफत आहे. परंतु जिल्हा पातळीवरील नवजात कक्षांसाठी त्याच वर्षी आखलेल्या नियमांत व्हेंटिलेटरवरील उपचार धरलेले नव्हते. म्हणजे सर्वांत अपुऱ्या दिवसांच्या बाळाची निकड त्या योजनेबाहेरच राहिली. धुळे व जळगाव येथे आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे जागा मिळाली तर ठीक, नाही तर खासगी रुग्णालय. पैसे संपले की बाप सही करून बाळ घरी नेतो, आणि कागदावर उमटते 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध'. याला नकार म्हणावे काय? आमच्या मते नकार त्याने दिलेला नाही, त्याला मिळालेला आहे. म्हणून अशा आईबापांना कोणी धर्मग्रामात पापी ठरवू नये. आणि या वाक्याचा आधार घेऊन शासनानेही सुटू नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचाही येथे फारसा उपयोग नाही. त्याचा भर प्रौढाने आधी लिहून ठेवलेल्या इच्छेवर आहे.

साधा उपचार आणि असाधारण उपचार यांची सीमाही स्थिर नसते. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरण्याची पद्धत १९७० च्या दशकाअखेर बोगोटा येथे काचपेट्यांच्या टंचाईतून निघाली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती जन्मापासूनच सुरू करावी असे सांगितले. तिला यंत्र लागत नाही. उलट प्राणवायू अनिर्बंध दिला तर जगलेल्या बाळाची दृष्टी जाऊ शकते, आणि ती वाचवायची तर जन्मापासून महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. त्या तपासणीसाठी चोपड्याहून पुन्हा जळगावला येण्याचे भाडे आणि बुडालेली रोजी, हाही त्या वाक्यातला खर्चच आहे.