आकांत आणि आळवणी

भक्तिगीताच्या समीक्षेची आपल्याकडे एक मळलेली वाट आहे. शब्द सोपे आहेत का, चाल गोड आहे का, भाव उत्कट आहे का, एवढे पाहिले की समीक्षकाचे काम संपते. ज्याच्या घरात कालच मर्तिक झाले आहे, ज्याचे उभे पीक गेले आहे, ज्याची नोकरी सुटली आहे, त्याला ते गीत आज ओठांवर घेता येईल का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः भक्तिगीताची खरी कसोटी हीच आहे. सुखात कोणतेही गीत चालते. दुःखात फारच थोडी टिकतात.

ही कसोटी मी येथे दोन ख्रिस्ती गीतांना लावून पाहणार आहे. आपल्या सीमाभागातील वाचकाला हा विषय परका वाटू नये. कँपातल्या चर्चची घंटा आणि गावातल्या देवळाचे टाळमृदंग ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. तरीही ख्रिस्ती गीत म्हटले की आपल्याला नाताळ आठवतो, तारा आणि गोठा आठवतो. त्या परंपरेत दुःखाच्या गाण्याचे एक मोठे दालन आहे, तिकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

दोन्ही गीते अमेरिकेतील शिकागो शहराशी निगडित आहेत. दोहोंच्या मुळाशी एकेक तार आहे. दोहोंमध्ये सुमारे साठ वर्षांचे अंतर आहे. पहिल्याचे कर्ते होरेशिओ स्पॅफर्ड हे शिकागोचे प्रतिष्ठित वकील. १८७१ च्या प्रचंड आगीत त्यांनी मालमत्तेत गुंतवलेला पैसा गेला. दोन वर्षांनी त्यांनी पत्नी ॲना आणि चार मुली यांना युरोपला जाण्यासाठी पुढे पाठवले. २२ नोव्हेंबर १८७३ रोजी ‘व्हिल द्यू हाव्र’ ही त्यांची आगबोट अटलांटिकमध्ये दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली. २२६ माणसे मेली. त्यांत स्पॅफर्ड यांच्या चारही मुली होत्या. कार्डिफला पोहोचल्यावर ॲनाने तार केली, त्यात ती एकटीच वाचल्याचे कळवले होते. पत्नीला आणायला निघालेल्या स्पॅफर्ड यांनी मुली बुडाल्या त्या जागेजवळून जाताना हे गीत लिहिले, अशी कथा सांगितली जाते. फिलिप ब्लिस यांनी त्याला चाल लावली आणि १८७६ मध्ये ते छापून आले. ‘इट इज वेल विथ माय सोल’ हे ते गीत.

आरंभी कवी शांतीला नदीची आणि दुःखाला समुद्राच्या लाटांची उपमा देतो, आणि काहीही वाट्याला आले तरी माझ्या आत्म्याचे ठीक आहे असे म्हणायला देवाने मला शिकवले आहे, असे सांगतो. मुली समुद्रात गेलेल्या बापाने लाटांची उपमा योजावी, यातले धैर्य वादातीत आहे. पण पुढच्या कडव्यांत गीत तेथे थांबत नाही. ते पापाकडे, क्रूसाकडे, ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडे वळते. समुद्र मागे राहतो आणि सिद्धान्त पुढे येतो. ध्रुवपद तर असे बांधले आहे की एका गटाने म्हणायचे आणि दुसऱ्याने त्याचा प्रतिध्वनी द्यायचा. ‘ठीक आहे’ हे आश्वासन समुदाय परत परत स्वतःलाच ऐकवतो.

हे गीत लहान आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ते एका निष्कर्षाचे गीत आहे. वादळ होऊन गेले आहे, गाणारा पलीकडच्या तीरावर उभा आहे आणि तेथून बोलतो आहे. स्पॅफर्ड यांचे आयुष्य मात्र त्या तीरावर स्थिरावले नाही. १८८० मध्ये त्यांचा लहान मुलगाही तापाने गेला, आणि १८८१ मध्ये हे दांपत्य शिकागो सोडून जेरुसलेमला गेले. गीतातील शांती खोटी होती असे यावरून म्हणता येत नाही. पण जो अजून पाण्यातच हातपाय मारतो आहे, त्याला तीरावरून आलेला हा आवाज किती आपला वाटेल, हा प्रश्न उरतोच.

दुसऱ्या गीताचे कर्ते टॉमस डॉर्सी. जन्म १८९९, जॉर्जिया राज्यातील व्हिला रिका येथे. वडील कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट धर्मोपदेशक आणि दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. तरुणपणी डॉर्सी शिकागोला आले आणि ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवू लागले. मा रेनी या त्या काळच्या ख्यातनाम गायिकेला ते पियानोवर साथ करीत. १९२८ मध्ये टँपा रेड यांच्याबरोबर त्यांनी केलेली एक द्व्यर्थी, चावट ध्वनिमुद्रिका तुफान खपली. याच दशकात त्यांना मानसिक आजाराचे तीव्र झटकेही येऊन गेले होते.

ब्लूज म्हणजे काय, हे आपल्याकडे जात्यावरच्या ओवीच्या जवळून समजते. गुलामगिरीतून सुटलेल्या पण दारिद्र्यातून न सुटलेल्या कष्टकऱ्यांचे हे गाणे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि मग तिला तिसरीने उत्तर द्यायचे. सासुरवाशीण जात्यापाशी आपले दुःख सांगते तेव्हा ते दूर होईल म्हणून सांगत नाही, सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून सांगते. ब्लूजचेही तसेच आहे. डॉर्सी यांनी हे गाणे उपासनेत नेले. बड्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये तेव्हा युरोपीय वळणाच्या संगीताला मान होता, त्यामुळे अनेकांनी दारे लावून घेतली. काल तमाशाच्या फडावर ढोलकी वाजवणाऱ्याने आज कीर्तनात येऊन मृदंग मांडीवर घ्यावा आणि चाल मात्र लावणीचीच ठेवावी, म्हणजे आपल्याकडे जी कुजबुज होईल तीच तेथे झाली.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये डॉर्सी उपासनेच्या कार्यक्रमासाठी सेंट लुईसला गेले होते. पत्नी नेटी दिवस भरत आल्याने घरीच होती. तेथे त्यांना तार मिळाली, नेटी बाळंतपणात गेली. ते शिकागोला परतले. मुलगा जन्मला होता, पण तोही लगेच गेला. आई आणि बाळ यांना एकाच शवपेटीत पुरले. डॉर्सी यांनी पुढे वेळोवेळी सांगितले आहे की त्या दिवसांत देवाने आपल्यावर अन्याय केला असेच त्यांना वाटत होते, आणि देवाची गाणी सोडून पुन्हा ब्लूजकडे जावे असे मनात होते. काही दिवसांनी मित्र थिओडोर फ्राय यांच्यासोबत एका खोलीत पियानोपाशी बसले असता ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गीत त्यांना सुचले. चाल सर्वस्वी नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकातील जॉर्ज नेल्सन ॲलन यांच्या नावावरची एक साधी उपासनेची चाल त्यांनी घेतली, आणि ती ब्लूजच्या अंगाने वाकवली.

या गीतात काय नाही, ते आधी पाहावे. त्यात नेटी नाही, बाळ नाही, तार नाही. दुःखाचे कारण विचारलेले नाही आणि कोणी सांगितलेलेही नाही. देवाचे आभार नाहीत. सर्व ठीक असल्याचा दावा नाही. मग आहे काय? थकलेल्या, दुबळ्या झालेल्या माणसाने अंधारात, वादळात हात पुढे करून केलेली एक विनंती आहे, आपल्याला धरून न्यावे एवढीच. प्रत्येक कडव्यात काळोख वाढत जातो, विनंती मात्र तीच राहते. ती मान्य झाली की नाही हे गीत सांगत नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर स्पॅफर्ड यांचे गीत विधानार्थी आहे आणि डॉर्सी यांचे आज्ञार्थी, म्हणजे प्रार्थनेचा जो आज्ञार्थ असतो तो. मला हा भेद निर्णायक वाटतो. विधान खरे ठरावे लागते. ते म्हणणाऱ्याच्या मनात त्या क्षणी शांती नसेल तर ते त्याच्या ओठांवर खोटे होते. विनंतीला अशी अट नसते. विश्वास डळमळला असतानाही हात पुढे करता येतो.

संगीतानेही हेच काम केले आहे. गाणाऱ्याने एखाद्या शब्दावर हवे तितके रेंगाळावे, श्वास तुटला तर तुटू द्यावा, सूर थोडा घसरू द्यावा, अशी मोकळीक ब्लूजच्या ढंगात असते. स्पॅफर्ड यांचे गीत गटाने एका शिस्तीत म्हणायचे. डॉर्सी यांचे गीत एकट्याला रडत रडतही म्हणता येते. मोठ्या शोकात माणसाचा आवाज शिस्तीत राहत नाही, हे कर्त्याला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते.

पुढे या गीताचे जे झाले त्यावरून त्याची कसोटी लागली. मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते आवडते गीत. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी मेंफिस येथील लॉरेन मोटेलच्या सज्जात उभे असताना त्यांनी बेन ब्रँच या वादकाला, आज रात्रीच्या सभेत हे गीत वाजव, असे सांगितले. त्यानंतर क्षणभरात गोळी सुटली. महेलिया जॅक्सन यांनी ते किंग यांच्या अंत्यविधीत गायिले. १९७२ मध्ये खुद्द महेलिया गेल्या तेव्हा अरीथा फ्रँकलिन यांनी तेच त्यांच्यासाठी गायिले. एका पुरुषाच्या घरातील शोक एका समाजाच्या शोकाला पुरला. त्यात नेटीचे नाव असते तर हे झाले नसते. स्वतःचे दुःख गाळून त्याची केवळ आर्तता ठेवायची, ही उत्तम कवीची खूण या माणसाने काव्यशास्त्र न वाचता साधली.

येथे कोणी आक्षेप घेईल की श्रद्धा म्हणजे निश्चय, आणि निश्चयाचे गीत हेच श्रेष्ठ. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण ख्रिस्ती परंपरेचा मूळ ग्रंथच त्याला उत्तर देतो. बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत, त्यांत विलापाच्या स्तोत्रांचा वाटा फार मोठा आहे. त्यांतील बहुतेक शेवटी आशेकडे वळतात. ८८ वे स्तोत्र मात्र वळत नाही, ते अंधारातच संपते. तरीही संकलकांनी ते गाळले नाही. बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ, देवाने आपल्याला का सोडले हा प्रश्न, क्रूसावर येशूच्या मुखी आहे. ज्या धर्माच्या प्रवर्तकाने आपली तक्रार लपवली नाही, त्याच्या गायकांना ती लपवण्याचे कारण काय?

आणि आपल्याला तरी हे नवे कोठे आहे? इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यांचे अभंग विठ्ठलाशी भांडतात, त्याला बोल लावतात, आणि भांडता भांडता त्याचेच पाय धरतात. जनाबाई तर विठ्ठलाला शिव्याही देते. आळवणी आणि आकांत एकाच श्वासात असणे हा आपल्या भक्तिपरंपरेचा प्राण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तरी आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापाशी आलो असे मानीत, आणि त्यांनी अभंगाचा छंद व भजनाचा ढंग मराठी चर्चमध्ये नेला. मराठी उपासनागीत परके राहिले नाही याचे मोठे श्रेय त्यांचे. पण एक मत नोंदवतो, त्याशी वाचकांनी सहमत व्हावे असा आग्रह नाही. टिळकांच्या भजनांत ओढ आहे, लीनता आहे, माधुर्य आहे, संसाराचा आकांत मात्र कमी आहे. वियोग, अपत्यांचे मृत्यू, दारिद्र्य, प्लेग हे सारे त्याच घरात घडले, आणि ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’च्या गद्यात उतरले, तेही हसत हसत. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने आपले खरे जगणे गद्याला सांगितले आणि पद्याला पुष्कळदा स्तुतीच ठेवली. डॉर्सी यांच्यासारखा जात्यावरची ओवी गाभाऱ्यात नेणारा कोणी त्याला लाभता, तर हे चित्र निराळे दिसले असते.

हा प्रश्न ख्रिस्ती गीतापुरता नाही. आज कानावर येणारी बरीचशी नवी भक्तिगीते, मग ती कोणत्याही धर्माची असोत, जयजयकाराची आणि विजयाची असतात. आमच्या शाळेतली गोष्ट सांगतो. दहावीतल्या एका मुलाचे वडील अकस्मात गेले. दिवसकार्य आटोपून तो शाळेत आला त्या सकाळी प्रार्थनेला नेहमीचे आनंदाचे गीत होते. शेकडो मुले मोठ्याने गात होती आणि तो ओठ मिटून उभा होता. त्यात त्याचा अनादर नव्हता. त्या गीतात त्याला उभे राहायला जागाच नव्हती. आठवड्याच्या प्रार्थनांत एक करुणेचा अभंग असावा, असे त्यानंतर आम्ही ठरवले.

भक्तिगीताने दुःखितांचे प्रश्न सोडवावेत अशी अपेक्षा कोणी करू नये. ते काम डॉक्टरांचे, सरकारचे, शेजाऱ्यांचे. गीताचे काम एवढेच की दुःखिताला गाणाऱ्यांच्या रांगेतून बाहेर पडावे लागू नये. स्पॅफर्ड यांचे गीत मी आदराने ऐकतो, कारण कधीतरी त्या तीरावर पोहोचता येते याची ते ग्वाही देते. पण संग्रहात एकच ठेवायचे झाले तर मी डॉर्सी यांचे ठेवीन. डॉर्सी १९९३ मध्ये वारले, चार दशकांहून अधिक काळ त्यांनी शिकागोतील पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्चचा गायकवृंद सांभाळला. १९३२ च्या त्या ऑगस्टमध्ये ते गाणे सोडून गेले असते तर त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. ते गेले नाहीत, आणि सारे ठीक असल्याचेही त्यांनी म्हटले नाही. या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत त्यांचे गीत उभे आहे. संकटातली बहुतेक माणसेही तेथेच उभी असतात.