पडल्यावर उचलायची गाडी

आमच्या बँकेत प्रत्येक कारकून हा मुळात टीकाकार असतो. साहित्यातल्या टीकाकाराला निदान पुस्तक चाळावे लागते. आम्हाला फॉर्मचे पहिले पान पुरते. 'कारण सबळ नाही', 'जामीनदार अपुरा', 'फेरविचारार्थ परत' असे शेरे मी गेली बावीस वर्षे मारतो आहे. ज्यांच्या अर्जांवर ते मारले त्यांतले निम्मे लोक आज मला रस्त्यात ओळख देत नाहीत. टीकाकाराला याहून मोठे यश कोणते?

म्हणूनच मिरजेहून वहिनींचा फोन आला, तेव्हा माझी निवड योग्य झाली आहे असेच मला वाटले.

"भावजी, मंदार मोटारसायकल घेतोय."

"घेऊ दे की. एकतीस वर्षांचा झाला, कमावता आहे."

"अहो, साधी नाही. चिखलात घालायची, दगडांवरून डोंगरावर चढवायची. मी फोटो बघितला. त्यात गाडी वर आहे आणि माणूस खाली."

"मग मी काय करू?"

"तिच्यात काहीतरी खोट काढा. तुमचं कामच आहे ते." मग जरा थांबून म्हणाल्या, "पडला तर उचलायला कोण आहे हो तिथं?"

मंदार म्हणजे माझ्या दादाचा मुलगा. ऑस्ट्रियात ग्राझ नावाच्या गावी इंजिनिअर आहे. दादा जाऊन तीन वर्षे झाली. तेव्हापासून वहिनी मिरजेत एकट्या आणि मंदार ग्राझमध्ये एकटा. दोघेही एकमेकांना फोनवर रोज सांगतात, की माझी काही काळजी करू नकोस.

मी मंदारला फोन केला. तो इतका खूष झाला की मला खोट काढायचा धीर होईना. "काका, तुम्हीच सांगा कुठली घेऊ," म्हणाला आणि चार-पाच कंपन्यांची सूचीपत्रे व एक जाडजूड मॅन्युअल पाठवून मोकळा झाला. आठ रात्री मी ते वाङ्मय वाचले. सौभाग्यवतीला वाटले मी प्रमोशनच्या परीक्षेला बसतोय. तिने दोन दिवस बदामाचे दूधही दिले.

आता समीक्षेकडे वळू. विषय : युरोपियन टू स्ट्रोक एंडुरो मोटारसायकल.

प्रथम कथानक. एंडुरो म्हणजे रानातून, ओढ्यातून, दगडधोंड्यांतून वेळेच्या हिशेबाने गाडी न्यायची शर्यत. तिची सहा दिवसांची एक आवृत्ती १९१३ सालापासून चालत आली आहे. म्हणजे हा वेडेपणा निदान वारसाहक्काने आलेला आहे.

नायिकेचे वर्णन करायचे तर आधी तिच्यात काय नाही ते सांगावे लागते. डिकी नाही, स्टेपनी नाही, कॅरियर नाही, साडी-गार्ड नाही. भाजीची पिशवी अडकवायला हूक नाही. आमच्या दृष्टीने हा ताळेबंद नुसत्या देण्यांचाच. वजन शंभर किलोच्या थोडे वर, पेट्रोलची टाकी सुमारे नऊ लिटरची आणि सीटची उंची जमिनीपासून ९६ सेंटिमीटर. मी टेप लावून पाहिले. आमचे जेवणाचे टेबल त्याहून वीतभर खाली आहे. किंमत दहा हजार युरोंच्या वर, म्हणजे आपले दहा लाख तरी धरा. एवढ्या पैशात बसायला साधी गादी धड मिळत नाही. मिळते ती फळी. कारण चालवणारा बहुतेक वेळ उभाच असतो. पैसे देऊन उभे राहण्याचा अनुभव मला एसटीचा आहे, पण तिथे तो निदान स्वस्तात मिळतो.

सगळ्यात मला भिडली ती एक गोष्ट. या गाडीची देखभाल तासांत मोजतात. इतक्या तासांनी गिअरबॉक्सचे ऑइल, इतक्या तासांनी पिस्टन. त्यासाठी तासांचे मीटरच लावलेले असते. कुठे पोचलात हे विचारायचेच नाही. किती वेळ जिवंत होतात तेवढे लिहायचे. माझ्या नोकरीला असे मीटर लावले तर बावीस वर्षांत किती भरेल, याचा मी एका रात्री हिशेब मांडला आणि मग दिवा मालवला.

आता टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक, हा वाद. यात मी अगदीच अडाणी नाही. दादाची स्कूटर टू स्ट्रोक होती. १९८८ साली नंबर लावून मिळालेली. तिच्यापुढे उभा राहून मी मिरज पाहिली. ही इंजिने दर फेऱ्याला एक धक्का देतात. फोर स्ट्रोकला तेवढ्याच कामासाठी दोन फेरे लागतात, एकदा आत घ्यायला आणि एकदा बाहेर टाकायला. म्हणजे सरकारी कचेरीच म्हणा ना. शिवाय टू स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. त्यामुळे इंजिन हलके आणि पोटात गुंतागुंत कमी. मंदार म्हणतो, पिस्टन घरच्या टेबलावर बदलता येतो. (हे मी वहिनींना सांगितलेले नाही.) दोष म्हणाल तर ही पेट्रोलबरोबर ऑइलही जाळते, धूर सोडते आणि उतारावर फोर स्ट्रोकसारखी आपणहून आवरत नाही. आपल्याकडे २००० सालानंतर धुराचे नियम कडक होत गेले, तशा टू स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून गेल्या. युरोपात मात्र रानात त्या टिकल्या. २०१७ साली ऑस्ट्रियाच्या केटीएमने इंधन-इंजेक्शनच्या टू स्ट्रोक एंडुरो आणल्या. त्यांत ऑइलची टाकी वेगळी. पंपावर डबा हलवत मिश्रण करायची कटकट गेली, आणि माझ्या मते निम्मी मजाही.

मग निवड कुणाची करायची? नारिंगी केटीएम ऑस्ट्रियाची, पांढरी हुस्कवार्ना मूळची स्वीडनची, लाल गॅसगॅस मूळची स्पेनची. सूचीपत्रे वाचून वाटते, तिघींचे स्वभाव तीन आहेत. मॅन्युअल वाचून कळते, की तिघी आज एकाच घरात नांदतात आणि इंजिनही त्याच घराण्याचे. मोठा फरक मागच्या शॉकअपचा. नारिंगीचा मधल्या सांध्यांवाचून थेट जोडलेला, बाकी दोघींचा सांध्यांचा. उरलेला फरक रंगाचा. याशिवाय फ्लॉरेन्सजवळची बेटा आहे, फ्रान्सची शेर्को आहे. आणि प्रत्येकीत पुन्हा २५० घ्यावी की ३००? वजन जवळपास तेच. २५० ला सतत फिरवत ठेवावे लागते. ३०० कमी फेऱ्यांतही ओढते, म्हणजे चालवणाऱ्याच्या चुका पोटात घालते. इथे मला ३०० बद्दल प्रथमच आदर वाटला. आमच्या घरात हे काम वहिनींनी केले आहे.

नारिंगी घराण्याची एक गंमत सांगतो. २००७ सालापासून त्यात आपल्या आकुर्डीच्या बजाजचा हिस्सा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएम कर्जापायी ऑस्ट्रियाच्या कोर्टात गेली आणि २०२५ मध्ये बजाजने ८० कोटी युरोंची सोय करून तिला सावरले. हे वहिनींना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे आपलंच माणूस आहे होय!" आणि लगेच, "तरी नको."

माझे मुख्य मत असे, की या विषयावर दोन प्रकारचे वाङ्मय आहे. सूचीपत्र कवीने लिहिलेले असते. त्यातला माणूस सदैव हवेत असतो, कपड्यांवर चिखलाचे शिंतोडे असतात पण ते शोभून दिसतात, आणि तो कधी खाली येत असेल अशी शंकाही येत नाही. मॅन्युअल मामाने लिहिलेले असते. मामाने सगळ्या भाच्यांना पडताना पाहिले आहे. पडल्यानंतर पुन्हा सुरू करण्याआधी गाडी नव्याइतकीच नीट तपासा, असे तो बजावतो. त्यातले 'पडल्यास' मी 'पडल्यावर' असेच वाचले. माणसे गाडी निवडतात सूचीपत्रातल्या माणसासाठी, आणि चालवतो मॅन्युअलमधला. वाहनकर्जाच्या खिडकीवर मी हेच पाहत आलो आहे. फेडायची ऐपत सगळे विचारतात, उचलायची कोणी विचारत नाही.

आणखी एक गोम आहे. रस्त्याचा परवाना मिळावा म्हणून ही गाडी बरीच आवळून विकतात. मोकळी केली की रस्त्यावर आणायची नाही. आणि ऑस्ट्रियाच्या जंगलात मालकाच्या परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही. म्हणजे घोडा आपला, पण माळ दुसऱ्याचा. मग राहतात ती शर्यतींची आणि सरावाची राखीव मैदाने. खोट सापडली! मी ताबडतोब मंदारला फोन लावला.

"माहीत आहे काका," तो म्हणाला. "मैदानावर जाऊनच चालवणार. इथं एर्झबर्ग म्हणून लोखंडाच्या खाणीचा डोंगर आहे. १९९५ पासून तिथं शर्यत होते. शेवटच्या फेरीला पाचशे जण सुटतात, चार तासांची मुदत. पोचतात मूठभर."

"म्हणजे एनपीए नव्व्याण्णव टक्के," मी म्हणालो.

"२०१५ साली काय झालं माहितेय? पुढचे चौघं एका चढाला अडकले. एकट्यानं कुणालाच चढता येईना. मग चौघांनी मिळून एकमेकांच्या गाड्या ओढून वर काढल्या. चौघंही विजेते ठरले."

मी गप्प बसलो. आमच्या शाखेत एका प्रमोशनसाठी चौघे अडकले होते, तेव्हा काय झाले ते मला आठवत होते.

"पण तुला हे सुचलं कुठून?" मी विचारले.

जरा वेळ आवाज आला नाही. मग म्हणाला, "ऑफिसच्या मित्राबरोबर सहज बघायला गेलो होतो. कुणीतरी गाडी सुरू केली, धूर आला. जळक्या ऑइलचा वास. काका, मला वाटलं बाबा आले."

माझ्याजवळ याला शेरा नव्हता.

त्या रात्री मी अभिप्राय लिहिला तो असा : 'टू स्ट्रोक ३००, वापरलेली, तासांचे मीटर आणि सर्व्हिसच्या पावत्या पाहून. रंग कोणताही. आधी हेल्मेट, छातीचे व गुडघ्याचे कवच, मग गाडी. एकट्याने कधीही जाऊ नये; जामीनदार म्हणून निदान एक मित्र सोबत हवाच. मंजुरीची शिफारस.' बावीस वर्षांत बिनगरजेच्या वस्तूला मी दिलेली ही पहिली मंजुरी.

वहिनींना ते वाचून दाखवायला रविवारी मिरजेला गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. जामीनदाराचे कलम दोनदा वाचायला लावले. "मित्र मराठी आहे का?" एवढेच विचारले आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी अंगणात आलो. कोपऱ्यात दादाची स्कूटर ताडपत्रीखाली उभी होती. येताना बाटलीत पेट्रोल आणि ऑइल घेऊन आलो होतो, का ते सौभाग्यवतीलाही सांगितले नव्हते. जुने पेट्रोल काढले, प्लग घासला, किका मारल्या. दहा झाल्या, पंधरा झाल्या. शर्ट पाठीला चिकटला. मीही चाळिशी केव्हाच ओलांडली आहे.

मागून वहिनींचा आवाज आला. हातात चहाचा कप तसाच होता.

"तशी नाही व्हायची ती. जरा आडवी करा तिला, भावजी. आणि थांबा, एकटे नका करू, मी धरते."