लाक्षागृहात कोण जळलं?

निषेधाच्या कवितेत द्रौपदी फार झाली. अत्याचार कुठंही होवो, कवी द्रौपदीला हाक मारतो. नाहीतर सीता हाय, अहिल्या हाय. या बायांचं दुःख खोटं, असं माझं म्हणणं नाही. पण नुसतं नाव घेतलं की वाचक आधीच हळहळायला तयार असतो. कवीला काम उरत नाही.

शिवाय द्रौपदी राजाची लेक, राजाची सून. तिच्या वस्त्राला हात घातला, त्याचा सूड घ्यायला पाच नवरे होते, वस्त्रं पुरवायला कृष्ण होता. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका दलित घरातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. तिथं कोण आलं? ती उपमा तिथं फाटते.

मग महाभारतात आपली बाई कुठाय? आदिपर्वात हाय. वारणावतात कुंतीनं जेवण घातलं. एक निषादी आपली पाच पोरं घेऊन अन्नासाठी आली. खाल्लं, दारू प्याली, तिथंच पोरांसकट झोपली. रात्री भीमानं आग लावली. पांडव आईला घेऊन भुयारातून पसार. सकाळी लोकांना पाच पोरं नि एक आई जळालेली सापडली. हिशोब बरोबर जुळला! काळानंच तिला तिथं धाडलं म्हणून ग्रंथ हात झटकतो. तिला नावसुद्धा देत नाही.

आम्ही साच्यावरची माणसं. उभा धागा तुटला की साचा थांबवून आधी तो जोडावा लागतो. तसंच रेटलं तर कापडात फट राहते. महाभारत रेटत पुढं गेलं. कवितेनं तिथं थांबायला पायजे.

असं थांबलेले लोक हायेत. महाश्वेता देवींच्या 'कुंती ओ निषादी' या बंगाली कथेत म्हाताऱ्या कुंतीला वनात एक निषाद बाई जाब विचारते. हिरा बनसोडे यांनी यशोधरेवर कविता लिहिली. बुद्धाच्या घरातल्या बाईचंही दुःख बघायला त्या कचरल्या नाहीत.

मित्रांनो, एवढंच सांगणं हाय. निषादीला देवी करू नका. शेंदूर फासला की बाई मुकी होते. ती भुकेनं आली होती. कविता त्या भुकेपासून सुरू करा. आणि भुयार फक्त सहाजणांसाठीच का खणलं होतं, ते विचारा.